शेवटची ओळ मी लिहीत नाही

११ जानेवारी १९४३, सोमवार. नगर

आज चार रीम कागद मिळवला. कागदाची इतकी टंचाई की गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि सही वहीत घेतल्याशिवाय दुकानदार रीम हातात देत नाही. नाव मी खरं लिहिलं आणि खाली इंग्रजीत झोकदार सही ठोकली. आपण काही चोर नाही. गाव मात्र बदललं. नगर लिहिलं असतं तर घर सापडलं असतं, म्हणून काष्टी लिहिलं. आपलं पत्रकं छापायचं यंत्र तिथंच आमच्यातल्या कानिफनाथच्या गोठ्यात आहे, त्यामुळे तेच नाव तोंडात होतं. पोलीस बसतील नगरात शोधत!

सहादेवला सांगितलं. सायकलचं दुकान आहे त्याचं, आमच्या टोळीत वयानं मोठा तोच. म्हणाला, "नाव बी खोटं द्यायचं हुतं की." भित्रा.

त्यातलेच चार दस्ते बाजूला काढून ही वही शिवली. ऑगस्टात पुण्याचं कॉलेज अर्धवट सोडून आलो तेव्हापासून नाना माझ्याशी थेट बोलत नाहीत. आईला सांगतात, "त्याला म्हणावं जेवून घे." कलेक्टर कचेरीतले कारकून ना! मुलगा चळवळीत म्हणजे नोकरीवर गदा. तेव्हा बोलायला ही वहीच बरी.

१८ जानेवारी, सोमवार

आजपासून कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली शांतवन मास्तरांकडे अर्ज उतरवून द्यायचं काम धरलं. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झाले. आता उतरतं मेज मांडून लोकांचे इंग्रजी अर्ज लिहितात. टोळीत मी कारण सांगितलं की कचेरीच्या आतल्या बातम्या कळतील. खरं कारण बाराच्या सुमाराला डबा घेऊन येतं. त्यांची मुलगी हन्ना, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवते. आज तिनं माझा इंग्रजी कागद पाहिला आणि बोट ठेवलं. "इथं 'द' हवा." बस. दिवसभर मला तो 'द' पुरला.

पण त्याच अर्जावर भांडण झालं. प्रत्येक अर्जाच्या शेवटी लिहायचं: आय हॅव द ऑनर टू बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट. आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक! मी टाक खाली ठेवला.

"ही ओळ मी लिहीत नाही."

"का बरं, शामकांत?"

"गुलामीची आहे."

मास्तर चिडतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत बसले. "दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत दोन सरदारांचं बिनसलं, की एक दुसऱ्याला चिठ्ठी धाडी. उद्या उजाडता पिस्तूल घेऊन माळावर ये, तुझा जीव घेतो. आणि खाली सही, तुझा अत्यंत आज्ञाधारक सेवक. आता सांग, यात गुलाम कोण?"

"मग आधी कोणी लिहिली?"

"आधी खरेच चाकर लिहीत असणार, राजाला. मग बरोबरीचे एकमेकांना लिहू लागले. मग ती कचेरीत शिरली, आणि कंपनीच्या पेटाऱ्यातून इकडे आली. आपले मुनशी फारसी अर्जाखाली 'फिदवी' लिहीत, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा. त्यांनी त्या जागी ही बसवली. तिकडे झिजून गुळगुळीत झालेला शब्द, इथं आला आणि त्याला पुन्हा धार आली."

"धार आहे ना? मग मी नाही लिहिणार."

"बरं. तू कॉलेजातून वडिलांना पत्र लिहायचास. वर काय असायचं?"

"तीर्थरूप नानांस बालके शामचे साष्टांग नमस्कार."

"आडवा पडून लिहायचास?"

हन्ना पदरात तोंड लपवून हसली. मी हट्टानं शेवटची ओळ कोरी सोडली. मास्तरांनी ती आपल्या हातानं भरली. ख्रिस्ती माणूस, सरकारची बाजू घेणारच.

२१ जानेवारी, गुरुवार

तिसगावहून छबूबाई नावाची बाई आली होती. मुलगा पलटणीत आहे, पण त्याच्या पगारातून घरी येणारी रक्कम थांबली. मास्तरांनी अर्ज वाचून मराठीत अर्थ सांगितला. शेवटची ओळ आली तशी बाई उसळली.

"सरवंट म्हंजी?"

"चाकर."

"कुनाचा?"

"साहेबाचा. लिहायची रीत आहे."

"मी कशाला त्याची चाकर? म्या माज्या लेकाचं मागतीया, त्याच्या घरचं न्हाई."

मला टाळी वाजवावीशी वाटली. मास्तर म्हणाले, "साहेबाचं उत्तर येईल तेव्हा तोही खाली हेच लिहील, की मी छबूबाईचा चाकर."

"त्यो? माजा?" बाई विचारात पडली. "मंग आपलं बी लिवा. पर त्याचं येऊ द्या, म्या गावात समद्यांना दावीन."

थाप. गोरा साहेब तिसगावच्या बाईला चाकर म्हणून लिहिणार! भोळ्या माणसांना गुंगवायला मास्तरांना बरं जमतं.

२७ जानेवारी, बुधवार

काल पहाटे साऱ्या गावात आमची पत्रकं! झेंडीगेटपासून माळीवाड्यापर्यंत. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं पुढाऱ्यांना कोंडून ठेवलंय, तिथल्या झाडांवरसुद्धा. सारं माझ्या कागदावर.

कालच दुपारी हन्नासमोर मला अगदीच गप्प राहणं जमलं नाही. म्हटलं, "बाजारच्या दिवशी काष्टीला जाणारी माणसं नुसती बैल बघायला जात नाहीत." ती हसली नाही. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "कागद कुठून आणता? कुठं नाव लिहीत नका जाऊ हो."

माझी काळजी! की चौकशी? रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. काळजीच.

३१ जानेवारी, रविवार

विलक्षण गोष्ट. संध्याकाळी मिशनच्या चाळीकडून सहज जात होतो. (सहज नाही.) समोरून नाना आले, शांतवन मास्तरांच्या दारातून! आयुष्यात त्या गल्लीत पाय न ठेवलेला माणूस. मला पाहून छत्री उघडली. पाऊस नाही, ऊन नाही.

घरी विचारलं तर आईला म्हणाले, "त्याला म्हणावं, अर्ज लिहून घ्यायला गेलो होतो."

"तुम्ही स्वतः कारकून, आणि अर्ज दुसऱ्याकडून?" मी थेटच विचारलं.

"माझं अक्षर कचेरीतला शिपाईसुद्धा ओळखतो," म्हणाले, आणि ताट सरकवून उठले. पाच महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. ओळखू येऊ नये असं काय लिहायचं होतं?

५ फेब्रुवारी, शुक्रवार

काष्टीच्या गोठ्यावर धाड. वैरणीखालून यंत्र काढून नेलं. कानिफनाथ पाहुण्यांकडे गेला होता म्हणून वाचला, आता फरारी. टोळीबाहेर कोणालाच गोठा माहीत नव्हता. सहादेव म्हणतो, "कुनीतरी काष्टीचं नाव फोडलं. तुज्या त्या मास्तराच्या पोरीला काय बोल्ला न्हाईस ना?"

"नाही," म्हटलं. खोटं बोललो.

८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दहाला मास्तर मेज मांडायच्या आधी पोलीस कचेरीच्या मागच्या दारानं आत गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले, रुमालानं मान पुसत. मला म्हणाले, "आज जरा उशीर झाला." कुठं गेला होता विचारलं तर: "अर्जदाराची गोष्ट मी टाकाबाहेर जाऊ देत नाही."

गेल्या सोमवारीही उशीर झाला होता. आता आठवतं.

हन्नानं डब्यातली शेंगदाण्याची पोळी अर्धी माझ्यासमोर ठेवली. माझं वाक्य हिनं घरी सांगितलं असेल, बापानं पुढं. आणि मी तिच्या हातचं खातोय, आणि आणखी मागायची इच्छा होतेय. थू.

१४ फेब्रुवारी, रविवार

पुरावा मिळाला.

उपासनेहून परत आल्यावर मास्तरांनीच चहाला बोलावलं होतं. "सलाम, शामकांत, ये," म्हणाले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला औषध द्यायला गेले. हन्ना आत स्टोव्हला पंप मारत होती. मेजावर बायबल, आणि त्याखालून लांबट सरकारी लिफाफ्याची कड. मी बोटभर ओढला. कागदाचा तळच तेवढा दिसला. खाली पोलीस साहेबाची सही आणि तिच्यावर: आय हॅव द ऑनर टू बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट.

जिल्ह्याच्या पोलिसांचा गोरा साहेब कडुलिंबाखालच्या अर्जनविसाचा आज्ञाधारक सेवक! असा मान फुकट मिळत नसतो.

पावलं वाजली. लिफाफा ढकलला. हन्नानं कप ठेवला. म्हणाली, "थोडे दिवस जपून राहा. सगळं ठीक होईल." तिला कसं ठाऊक, काय ठीक व्हायचंय ते?

१५ फेब्रुवारी, सोमवार

सहादेवला सांगितलं. सोमवारच्या खेपा, नानांची छत्री, लिफाफा, सही, सारं. हन्नाशी बोललेलं वाक्य सोडून. तो चाकाचे आरे ताणत राहिला. मग म्हणाला, "शाई वतू, मेज मोडू. माणसाला हात लावायचा न्हाई."

मी म्हटलं, तेवढंच.

१७ फेब्रुवारी, बुधवार

पाच वाजता मास्तर आवराआवर करत होते. सहादेव आणि दोघे, तोंडाला फडकी बांधून. मी समोरच्या हॉटेलच्या कोपऱ्यावर उभा. मेज मोडलं, दौती फुटल्या, अर्ज धुळीत. मास्तर दौतींना नाही, अर्जांना आडवे झाले. ढकलाढकलीत उजव्या हातावर पडले. काटकी मोडावी तसा आवाज. रस्ता ओलांडून इतका स्पष्ट यायला नको होता.

उठून बसताना त्यांनी समोर पाहिलं. माझ्याकडे. मी मागे सरलो नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

१८ फेब्रुवारी

फौजदार जबानी घ्यायला मिशनच्या दवाखान्यात गेला होता. मास्तर म्हणाले, कोणालाही ओळखलं नाही.

हा काय डाव आहे?

२३ फेब्रुवारी, मंगळवार

सहा दिवस घराबाहेर पडलो नव्हतो. आज गेलो. कडुलिंबाखाली मेजाच्या जागी छबूबाई फतकल मारून बसलेली, मांडीवर लिफाफा.

"मास्तर कुठं हायेत? तीन वेळा आली मी. वाच बाबा तूच."

पलटणीच्या पगार कचेरीतून आलेलं उत्तर. चूक झाली होती, पुढल्या महिन्यापासून रक्कम येईल. मी मराठीत सांगितलं. आणि खाली... मी थांबलो.

"का रं थांबला? खाली काय हाय?"

खाली तीच ओळ होती. अक्षर न् अक्षर तीच, सरऐवजी मॅडम. तिच्याखाली एका मेजरची सही.

"मी आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक," मी वाचलं.

"बगा! मास्तर खरंच बोल्लं हुतं." तिनं कागद डोक्याला लावला. "लई चांगला मानूस. हात मोडला म्हनं त्येंचा. कुन्या मुडद्यानं केलं असंल रं?"

तिच्या समोरून कसा उठलो आठवत नाही.

नाना कचेरीतून येईपर्यंत ओसरीवर उभा राहिलो. मास्तरांकडच्या त्या पोलिसी लिफाफ्यात काय होतं, म्हणून विचारलं. त्यांनी जोडे काढले, खुंटीला टोपी लावली.

"चार रीम," म्हणाले. "खाली इंग्रजी सही. गाव काष्टी. पत्रकं सापडताच पोलिसांनी पहिल्यांदा दुकानांच्या वह्या मागवल्या. चौकशीचा कागद आमच्याच कचेरीतून गेला, माझ्या टेबलावरून. मी कुठं जाणार होतो? मास्तरांकडे गेलो. त्यांनी साहेबाला लिहून दिलं की कागद माझा, पोरगा माझ्याकडे कामाला, काष्टीच्या बाजारात आम्ही अर्ज लिहायला बसतो म्हणून ते गाव."

"पण हे खोटं आहे."

"त्यांनाही तेच वाटत होतं. अर्ज संपल्यावर बराच वेळ डोळे मिटून बसले होते. साहेबानं लेखी कळवलं, खुलासा तूर्त मान्य, दर सोमवारी पोलीस कचेरीत हजेरी द्यावी. तुझी हजेरी ते देत होते." आणि मग, आईकडे न वळता मलाच: "जेवून घे."

म्हणजे काष्टीचं नाव कोणी फोडलं, तर मी. माझ्या झोकदार सहीनं.

२४ फेब्रुवारी

सहादेवकडे गेलो. ऐकून पंप टाकून उभा राहिला. "मंग आता काय करू? त्यांचा हात परत बसवू?" पंप पुन्हा उचलत म्हणाला, "ती ओळ वाचून मास्तर फितूर असं तू म्हनला, आणि मी ऐकलं. मला कुठं विंग्रजी येतंय." त्याचं बरोबर आहे. हे लिहितानासुद्धा त्याचा राग येतोय.

२८ फेब्रुवारी, रविवार

उपासना सुटल्यावर ख्रिस्ती देवळाच्या फाटकाशी थांबलो. हन्ना एकटी मागून आली. बोलायला सुरुवात मला करावी लागली नाही; तिनंच विचारलं.

"तुम्ही तिथं होता?"

"हो."

"लांबून?"

"हॉटेलच्या कोपऱ्यावर."

"बाबा म्हणत होते, तुम्ही दिसलात. मी त्यांना सांगत होते, भास झाला. दहा दिवस सांगतेय." तिच्या आवाजात रडं नव्हतं, तेच वाईट. "फितूर म्हणून बाबांचं नाव कुणी घेतलं?"

"मी."

"आमच्यावर संशय आला, तर विचारायचंत. रोज समोर बसत होता."

मी काष्टीच्या वाक्याचं सांगितलं. तिच्यावर संशय होता तेही. आणि दुसरंही सांगून टाकलं, जे इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. याहून वाईट वेळ सापडली नसती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ते मला ठाऊक होतं," म्हणाली. "म्हणून तर तुमच्यासाठीचा तो अर्ज लिहिताना बाबांच्या हातात टाक मी दिला. ते नाही म्हणत होते." पदर सावरून चालू लागली. चार पावलांवर थांबली, वळली नाही. "बाबांनी तुम्हाला बोलावलंय. अकरा अर्ज पडलेत, तारखा जातील. बाबांनी. मी नाही."

८ मार्च, सोमवार

सकाळी मास्तरांबरोबर पोलीस कचेरीत हजेरीला गेलो. आता दोघेही जातो. नंतर कडुलिंब. त्यांचा हात गळ्यात, पांढऱ्या प्लास्टरमध्ये. ते सांगतात, मी लिहितो. शेवटची ओळ आली की सांगायचं थांबतात आणि रस्त्याकडे पाहतात. मी लिहितो. आतापर्यंत सत्तावीस वेळा लिहिली. कधी ती दगडासारखी जड लागते, कधी नुसती रेघ.

त्यांनी मला एकदाही काही विचारलेलं नाही. मला त्याचाही संशय येतो. एवढं क्षमाशील कोण असतं? आज म्हटलंच, "मास्तर, मला शिव्या तरी द्या."

"डाव्या हातानं माणसाला कॉलरचं बटण लावता येत नाही," म्हणाले. "रोज सकाळी हन्ना लावून देते. त्या वेळी देतो. मनात." मग खाकरून, "पुढचा कागद घे."

डबा आता शेजारचा कृपादान आणून देतो.

२२ मार्च, सोमवार

शेवटचा अर्ज मास्तरांनी तीनपर्यंत मागे ठेवला होता. नेहमीसारखं सांगू लागले. प्रति, सेक्रेटरी, मिशन मुलींची शाळा, सोलापूर. शिक्षिकेच्या जागेसाठी. मी 'अर्जदार' म्हणून नाव लिहायला टाक टेकवला आणि ते म्हणाले, "हन्ना शांतवन."

शाईचा थेंब पडणार होता. हात मागे घेतला.

"त्यांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे."

"हो. पण ती म्हणाली, त्यांनीच लिहावं."

का? शिक्षा म्हणून? की मी ते नीट लिहीन असा भरवसा म्हणून? मास्तरांचा चेहरा पाहिला. त्यावर काही नव्हतं. लिहीत गेलो. तिचं वय, तिचे दाखले, किती वर्षांचा अनुभव. 'द' कुठं चुकू दिला नाही. सोलापूरला राहण्याची सोय झाल्यास एक एप्रिलपासून रुजू होता येईल. शेवटची ओळ लिहिली. तिच्यासाठी ती पहिल्यांदाच. सहीची जागा मोजायला तळाचा टीपकागद उचलला; मास्तरांनी दप्तरातून काढून दिलेल्या कोऱ्या कागदावर सही आधीच होती! मी ज्यावर लिहीत होतो त्याच्याच तळाशी, बारीक, सरळ. काय लिहिलं जाईल हे न पाहता तिनं माझ्यासाठी सही करून दिली होती. मला ती दिसली नव्हती, टीपकागद तिच्यावर होता.

मास्तरांनी वाचलं. लिफाफा मला चिकटवायला दिला. "जाता जाता पेटीत टाक."

पोस्ट त्यांच्या वाटेवर आहे, माझ्या नाही.

तासभर लिफाफा खिशात घेऊन फिरलो. माणिक चौक, कापडबाजार, पुन्हा माणिक चौक. अर्जाची मुदत पंचवीस तारखेपर्यंत. आज राहिला तर पोचणार नाही. टपाल गहाळ होतं. लढाईचे दिवस आहेत, कोणी विचारणारसुद्धा नाही. ती इथंच राहील, माझ्याशी न बोलता राहील, पण उपासनेहून येताना दिसेल. पाचच्या टपालाची वेळ होत आली. पोस्टाचा शिपाई पेटीकडे किल्ल्या वाजवत येताना दिसला.

टाकला.

आत पडल्याचा आवाज आला नाही. म्हणून फटीत हात घालून पाहिला. बोटं जातात, पुढं हात जात नाही. शिपाई म्हणाला, "काय राहिलं का साहेब आत? काढून देऊ?"

"नाही," म्हटलं.